जावयाच्या गाडीचे ब्रेक

गाडीचं काम करणाऱ्याच्या घरात दोन गोष्टी साचतात. एक काळे फडके, दुसरे किस्से. फडके सोड्याच्या पाण्यात उकळले का निघतात. किस्स्यायचं तसं नाही. संध्याकाळी ओट्यावर आमी चार बाया बसलो का ते आपोआप तोंडातून सांडतात. बाया हसतात. मी बी हसतो. हसणं थांबाच्या आत पुढचा किस्सा काढाचा.

माहा पोरगा गजानन. आमी गजू म्हणतो. अमरावतीले रोडले लागून गाड्यायचं एक मोठं शोरूम आहे, त्याच्या मागच्या बाजूले गाड्या दुरुस्त होतात. गजू तिथं ब्रेकच्या कामावर होता. आठ वर्षं होता, पण ठेकेदाराच्या नावावर. यंदा मॅनेजरनं तोंडी सांगतलं होतं, "गजानन, तुले आता कायम करून टाकू." कायम झालं का दवाखान्याचं कार्ड भेटते. माही नात चिऊ, गजूची पोरगी, सहा वर्षाची. डाव्या कानानं तिले ऐकूच येत नाही. त्या कार्डावर तिच्या कानाचं ऑपरेशन कराचं ठरलं होतं, डॉक्टरनं तारीखही देल्ली होती. म्हणून घरात सगळ्यायचे डोळे त्या एका गोष्टीकडं. कायम कवा होते, कायम कवा होते!

शोरूमचा एक नियम कडक. आपल्या माणसानं बाहेर कोणाच्या गाडीले हात लावाचा नाही. दिसला तं त्याच दिवशी घरी. गजूनं एकदा विचारून पाहिलं, "साहेब, घरच्या गाडीचं केलं तं चालते का?"

साहेब म्हणे, "स्वतःच्या गाडीचं कर ना, कोण नाही म्हणते!"

आता आमच्या घरी गाडी कुठची बाप्पा! ब्रेक बदलणाऱ्याच्या घरी सायकल असते.

* * *

एक दिवस गजू डबा घरीच विसरला. मी म्हटलं, चला, पोरगा काम कुठं करते ते तरी पाहू. ऑटो केला अन् गेली. आत पाय ठेवला तं असं थंडगार, जसं काही माठातच उतरली! मले गुबगुबीत सोफ्यावर बसवलं. एक टायवालं पोरगं आलं, हातात कॉफीचा कागदी गिलास.

"मॅडम, तुमची गाडी कोणती?"

मी म्हटलं, "ऑटो."

पोरगं हसलं. पण हातात देल्लेली कॉफी काही त्यानं वापस घेतली नाही, चांगल्या घरचं असंन.

समोर भिंतीएवढी काच. काचेच्या पलीकडं कामाची जागा. गिऱ्हाइकानं इकडून पाहाचं, तिकडं जाचं नाही. पाहतो तं माहाच गजू! एका चाकाजवळ उकिडवा बसून राहिला, हात कोपरापर्यंत काळे. मी जोरानं हात हालवला. त्यानं पाहिलं अन् मान खाली घातली. मले लय लागलं ते. म्हटलं, आईची लाज वाटली का काय याले?

घरी आल्यावर म्हणे, "माय, आमाले गिऱ्हाइकाकडं पाहाचं नसते तिथं."

"अरे, मी का गिऱ्हाईक होती!"

"सोफ्यावर बसली होती ना तू!"

त्या सोफ्यावर माह्या बाजूले एक बाई होती. टायवाल्यानं तिले सांगतलं, पॅड बदलले, डिस्क घासली, ऑइल टाकलं, सात हजार दोनशे झाले. पॅड म्हणजे काय, तं चाकाच्या आत एक लोखंडी थाळी फिरते, तिले डिस्क म्हणतात. त्या थाळीले दोन्हीकून दाबून धरणाऱ्या दोन वड्या, ते पॅड. वड्या झिजल्या का गाडी थांबत नाही. तळहाताएवढ्या वड्यायचे सात हजार! बाईनं काहून म्हणूनही विचारलं नाही. मोबाइल दाखवला, टिंग वाजलं, गेली.

संध्याकाळी मी गजूले म्हटलं, "त्यातले तुह्या हाती किती येते रे?"

गजू पाय धुऊन राहिला होता. म्हणे, "माय, तू ज्या मशीनची कॉफी पेली ना, तिचं महिन्याचं भाडं माह्या पगारापेक्षा जास्त आहे!"

* * *

आमच्या गल्लीत राऊतभाऊ राहतात. कापडाचं दुकान आहे त्यायचं. गादीच्या मागं भली मोठी पाटी लावून ठेवली, 'एकच भाव. घासाघीस करू नये.' मी दोन लुगडे घेतले तिथून, एक रुपया नाही सोडला बुवानं.

तं एका रविवारी राऊतभाऊ गाडी घेऊन आमच्या फाटकासमोर. "गजू, पॅड मी आणलेत. तू निरे टाकून दे."

गजूनं रस्त्याकडं पाहिलं. शोरूमचे लोक त्याच रस्त्यानं येतात-जातात. म्हणे, "भाऊ, घराच्या मागं घ्या गाडी. अन् पाचशे होतीन."

"पाचशे? अर्ध्या घंट्याच्या कामाचे पाचशे? शंभर घे!"

"भाऊ, कोणी पाहिलं तं नोकरी जाते माही."

"मंग दीडशे घे! घरचाच तं आहेस तू!"

घासाघीस सुरू. दीडशेचे पावणेदोनशे झाले. आतून माही सून शीला बोलली, "भाऊ, तुमच्या दुकानातली ते पाटी आठ दिवस आमच्या फाटकाले लावाले देता का?"

राऊतभाऊ तापले! "राहू दे, मी कंपनीतच टाकून घेतो!" गाडी फिरवली अन् गेले.

सोमवारी खरंच गेले शोरूमात. सोफ्यावर बसले, कॉफी पेले. तिकडं काचेमागं त्यायची गाडी आली ते नेमकी गजूच्याच हाताखाली. मास्क लावला होता म्हणून का काय, राऊतभाऊनं वळखलं नाही. का पाहिलंच नाही कोण जाणे. सोफ्यावरून माणूस दिसत नाही, गाडीच दिसते.

मंगळवारी सकाळीच हजर. "गजू, ये, बस गाडीत. दाबून पाहा ब्रेक. याले म्हणते काम! कंपनीचं ते कंपनीचं!"

गजू बसला, ब्रेक दाबला, उतरला. "हाव भाऊ, चांगलं झालं."

राऊतभाऊ गेल्यावर मी भडकली. "काहून नाही सांगतलं त्याले? तोंड शिवलं होतं का तुहं?"

गजू म्हणे, "सांगतलं असतं तं माय, सात हजारातले साडेसहा मलेच वापस मागितले असते!"

* * *

पण राऊतभाऊ परवडले. निदान दुसऱ्याच्या हातानं तरी करून घेतलं. दर्यापूरकडं माहा पुतण्या आहे, बंडू. त्यानं जुनी गाडी घेतली, तिचे ब्रेक झिजले. शोरूमचा भाव ऐकून म्हणे, "हट! मीच करतो."

त्याले मोबाइलवर एक गोरा माणूस भेटला. हातात निळे मोजे घालून ब्रेक बदलून दाखवते. बोलते काय ते बंडूले काही समजत नव्हतं, पण हात तं दिसून राहिले होते! बंडूनं गोठ्यासमोर जॅक लावला, चाक काढलं, पॅड टाकले, चाक बसवलं. सारं बरोबर. फक्त पॅड उलटे टाकले. घासाची बाजू बाहेर अन् मागची लोखंडी पाठ थाळीकडं!

मंग निघाला अमरावतीले, आमाले दाखवाले. ब्रेक दाबला का असा आवाज, जसं कोणी पाटीवर खिळा ओढून राहिलं. वलगावात कुत्रे मागं लागले. चहाच्या टपरीवरचा माणूस हातातली गाळणी घेऊन रस्त्यावर आला. बंडू काच खाली करून सगळ्यायले सांगून राहिला, "नवीन आहेत! नवीन चप्पल नाही का चावत?"

आमच्या घरी पोचला तवर थाळीवर असे चरे पडले होते का कोणी वावर नांगरलं जसं. पॅड गेले अन् थाळ्याही गेल्या. गजूनं बाजारातून नवीन थाळ्या आणल्या. घरामागं ताडपत्री बांधली, रस्त्यावरून दिसू नये म्हणून. त्या ताडपत्रीखाली उन्हाचा चार घंटे घामाघूम झाला. मी अन् शीला आळीपाळीनं फाटकाजवळ उभ्या, शोरूमचं कोणी येते का पाहाले. चोराच्या घरी असते तसं!

काम झालं. बंडूनं चहा पेला, हिशेब लावला. थाळ्यायचे पैसे गेले, दोनदा पॅडचे गेले. पण चेहरा खूश. "काही म्हणा काकू, मजुरी तं वाचली!"

गजूनं हातातला पाना खाली ठेवला. "कोणाची रे?"

बंडूनं अजून अर्धा कप चहा मागितला.

* * *

आता जावयाकडं येतो.

माही पोरगी नंदा अकोल्याले देल्ली. जावई अशोकराव एका पतसंस्थेत साहेब आहेत. माणूस वाईट नाही. दारू नाही, तमाखू नाही, पोरीवर कवा हात उचलला नाही. निरा एकच, का जगात काही फुकट भेटून राहिलं अन् आपण घेतलं नाही, तं त्या रात्री त्यायले झोप येत नाही.

त्यायच्या पांढऱ्या गाडीचे ब्रेक झिजले. अकोल्यातल्या सर्विसवाल्यानं भाव सांगतला, तोच, सात हजार दोनशे. जावयानं मले फोन लावला. "आई, गंज दिवस झाले, तुमच्या हातचं खाल्लं नाही. रविवारी येतो."

मी भोळी. म्हटलं, आठवण आली. रविवारी फाटकात गाडीतून उतरले ते पहिला शब्द, "गजूभाऊ, उलसा ब्रेक पाहून घे बरं."

आमच्याकडं जावयाकून पैसे घेत नाहीत. ते तं सोडाच, जावई दारातून रिकाम्या हातानं जात नाही. गजूनं स्वतःच्या पैशानं चांगल्या कंपनीचे पॅड आणले, ऑइल आणलं. मी मटण आणलं. दिवसभर गजू ताडपत्रीखाली, जावई पंख्याखाली. निघाच्या वेळी जावयाले पँट-शर्टाचं कापड, नंदाले लुगडं, तिच्या दोन लेकरायच्या हातावर पैसे. अन् ते कापड कोणाच्या दुकानातून? राऊतभाऊच्या! एकच भाव!

गाडी गेली. शीला ओट्यावर बसून बोटावर मोजून राहिली होती. मोजता मोजता थांबली. म्हणे, "आई, साडेसात हजार झाले."

"मंग?"

"मंग काय! पुढच्या वेळी जावईबापूले शोरूमातच पाठवू अन् बिल आपण भरू. आपले तीनशे वाचतात!"

आमी तिघंही असे हसलो, असे हसलो! चिऊ पाहून राहिली होती आमच्या तोंडाकडं, काय झालं म्हणून. तिले मी उजव्या बाजूनं जाऊन सांगतलं, तवा ते हसली.

* * *

त्याच्यानंतर शीलानं एक हिंमत केली. पुढच्या खेपेले जावयाचा फोन आला, मागच्या चाकायचे बाकी होते म्हणून. फोन शीलानं उचलला. गोड आवाजात म्हणे, "या ना जावईबापू. निरे पॅड तेवढे येताना तिकडूनच आणा. इकडं भेटून नाही राहिले."

मले तवा वाटलं, हुशार आहे पोरगी. आता वाटते, मटणासारखे तेही आपणच आणले असते तं बरं झालं असतं.

जावयानं आणले. अकोल्याच्या कोण्या गल्लीतून, सगळ्यात स्वस्त. डब्यावर नाव नाही, गाव नाही. गजूनं नखानं खरवडून पाहिलं. म्हणे, "भाऊजी, हे नका टाकू."

"काहून? ब्रेक नाही लागत का?"

"लागतीन. पण लवकर झिजतीन, अन् बोंबलतीन."

"बोंबलू दे! ब्रेक लागल्याशी मतलब!"

टाकले.

पंधरा दिवसांनी आमच्या सोयऱ्यात लग्न होतं, इथंच अमरावतीले. नंदा आदल्या दिवशीच लेकरं घेऊन लग्नघरी आली होती. जावई लग्नाच्या दिवशी अकोल्याहून एकटेच गाडीनं. गजू सकाळून कामावर, दुपारी सुट्टी घेऊन लग्नाले येणार होता. घरी मी अन् शीला. शीला गजूच्या शर्टाले इस्त्री करून राहिली होती.

जावई आमच्याकडं कपडे बदलाले आले. इतके खूश, इतके खूश, का बूट काढाच्या आधीच सांगाले लागले.

"आई, येता येता शोरूमात जाऊन आलो! मूर्तिजापूरपासून ब्रेक बोंबलून राहिले होते. सरळ मॅनेजरच्या केबिनात! म्हटलं, साहेब, तुमच्या माणसानं टाकलेले पॅड पंधरा दिवसात आवाज करतात, वारंटी आहे का नाही?"

शीलाची इस्त्री थांबली.

"त्यानं गाडीचा नंबर टाकला कॉम्प्युटरात. म्हणे, ही गाडी आमच्याकडं आलेलीच नाही. मी सोडतो का! म्हटलं, गाडी नसंन आली, माणूस तं तुमचाच आहे! गजानन! माहा साळा आहे! घरी टाकले त्यानं, आंगणात! बोलवा त्याले!"

मी म्हटलं, "बोलावलं?"

"बोलावलं ना! मॅनेजरनं विचारलं, गजानन, हे तू केलं? गजू म्हणे, हो साहेब. सरळ माणूस, लपवाछपवी नाही! मंग काय, मॅनेजर इतका गोड बोलला माह्याशी! कॉफी पाजली, पॅड साफ करून देल्ले, एक रुपया घेतला नाही!" जावयानं माह्या खांद्यावर हात ठेवला. "आई, वट आहे बरं तुमच्या पोराची तिथं!"

शर्टातून जळका वास आला तवा शीलानं इस्त्री उचलली.

जावई कपडे करून, सेंट मारून लग्नाले गेले. दुपारी गजू आला. एका प्लास्टिकच्या थैलीत त्याचे कामाचे जोडे होते अन् दुसऱ्या थैलीत निळा ड्रेस. शीलानं त्याले दुसरा शर्ट काढून देल्ला. तो घालता घालता गजू निरा एवढं म्हणे, "नंदाले सांगाचं नाही. मी स्वतःहून सोडली म्हणाचं. तिचं घर आहे."

तिघंही लग्नाले गेलो. पंगतीत जावयाले पहिल्या पाटावर बसवलं. मी स्वतः आग्रह करून जिलबी वाढली. दुसऱ्या दिवशी शीलानं दवाखान्याले फोन लावला अन् चिऊची तारीख रद्द केली.

* * *

मंग गजूनं घरीच काम टाकलं. आता लपाचं कारण नव्हतं. ताडपत्री सोडली, फाटकाले पत्र्याची पाटी ठोकली, 'इथे गाडीच्या ब्रेकचे काम केले जाईल.' भाव शोरूमच्या निम्म्याहून कमी. आमाले वाटलं, रांग लागंन. रविवारी रविवारी इतके लोक यायचे ना बाप्पा! आता तं सातही दिवस रविवार!

कोणी नाही आलं.

राऊतभाऊ गल्लीत सांगून राहिले, "शोरूमनं काढला म्हणे. कामात काही खोट असल्याशिवाय काढतीन का?" बंडूले फोन केला, तं म्हणे, "गजू, तू आता कंपनीचा राहिला नाही ना. उद्या काही झालं तं वारंटी कोण देईन?" उलटे पॅड टाकणारा बंडू!

शीला म्हणे, "हे शोरूमात होते तवा लोकायले फुकट पाहिजे होते. आता पैशानंही नको!"

एक दिवस दुपारी फाटकासमोर गाडी थांबली. नवीकोरी, मोठी. गजू जेवता जेवता उठला, हात धुतला. शीलानं पाण्याचा गिलास भरला. मी खुर्ची पुसली. गाडीवाल्यानं पाटी वाचली, पूर्ण वाचली, अन् काच खाली केली.

"भाऊ, ते शोरूम कुठं आलं? ब्रेकचं काम होतं."

गजू म्हणे, "सरळ जा. चौकातून डाव्या हाताले. मोठी इमारत आहे, दिसते."

गाडी गेली. गजू वापस ताटावर येऊन बसला. मी म्हटलं, "उजव्या हाताले सांगाचं होतं रे!"

* * *

अन् हा किस्सा परवाचा.

जावयाचे ते अकोल्याचे पॅड झिजले. गजूनं आधीच सांगतलं होतं, झिजतीन म्हणून. नंदा, लेकरं, सगळे घेऊन जावई आले. उतरल्या उतरल्या म्हणे, "गजूभाऊ, आता तं तुले वेळच वेळ आहे! आरामात कर!"

गजूनं आपल्या जवळचे चांगले पॅड टाकले. चारही चाकायचे टाकले. मी म्हटलं, "काहून रे चारही?" म्हणे, "माय, गाडीत नंदा बसते."

जेवाले बसलो. नंदा वाढून राहिली होती. मधातच तिनं चिऊले हाक मारली, "चिऊ, पापड घे!" नंदा तिच्या डाव्या कानाकडं होती, चिऊनं पाहिलंच नाही. नंदा म्हणे, "दादा, हिच्या ऑपरेशनचं काय झालं? तुमी सांगतलं, डॉक्टरनंच थांबवलं. किती दिवस थांबाचं?"

शीला म्हणे, "होईन ताई. भाजी वाढा."

जावई मटणाचं हाड चोखून राहिले होते. म्हणे, "गजू, घरी बसून काही खरं नाही. उगाच सोडली नोकरी तू. मी बोलतो मॅनेजरशी. मले चांगला वळखते तो!"

नंदा म्हणे, "तुमाले कसा वळखते तो?"

"वा! मागं नाही का गेलतो! पॅड बोंबलून राहिले होते तवा. म्हटलं त्याले, तुमच्या गजाननानंच टाकले, घरी, आंगणात, द्या वारंटी! समोर उभा केला गजूले! असा शब्द ऐकला त्यानं माहा, फुकटात काम करून देल्लं!"

नंदाच्या हातात रश्श्याचा चमचा होता. तो तसाच वर. शोरूमचा नियम तिले माहीत होता. गजू नवीन लागला तवा सगळ्यात आधी तिलेच फोन करून सांगतला होता त्यानं.

"हे कोणत्या दिवशी?"

"अवो, त्या लग्नाच्या दिवशी. तू तिकडं हळदीत होती, तुले कुठचं माहीत!"

नंदानं गजूकडं पाहिलं. गजू ताटाकडं पाहून राहिला. शीला उठून आत गेली, तिले मीठ आणाचं होतं, मीठ समोरच होतं.

"दादा," नंदा म्हणे, "नोकरी तू त्याच दिवशी सोडली ना?"

"जेव तू," गजू म्हणे. "थंडं होऊन राहिलं."

तिनं चमचा भांड्यात ठेवला. चिऊच्या उजव्या बाजूले जाऊन बसली, तिले पापड मोडून देल्ला. जावयानं अजून एक भाकर मागितली. ते मीच वाढली.

निघाची वेळ झाली. जावयानं गाडी सुरू केली, पुढं-मागं घेऊन ब्रेक दाबून पाहिला. "वा गजू! लोण्यासारखा!" लेकरं मागच्या सीटवर चढले. मी कुंकवाची डबी अन् कापडाची थैली घेऊन उभी. नंदा पर्स घेऊन घरातून निघाली. मले वाकून नमस्कार केला, शीलाच्या गळ्यात पडली. गाडीचं दार उघडलं, लेकरायले उतरवलं. त्यायचे हात धरून गाडीच्या समोरून फाटकाबाहेर गेली अन् ऑटोले हात केला.

जावयानं काच खाली केली. "अवो, कुठं चालली?"

"तुमी व्हा पुढं. मी येष्टीनं येईन."

"येष्टीनं? काहून? बायायले हाफ तिकीट आहे म्हणून का?" जावई खरंच हैराण झाले होते. "अवो नंदे, गाडी तं रिकामीच जाऊन राहिली ना अकोल्याले! अन् ब्रेकही आताच नवे टाकले!"